केळहोळचा बोलता डबा

५ जानेवारी २०२६, सोमवार. बेळगाव

पोचले एकदाची! निपाणी ते बेळगाव अंतर ते केवढं, पण आप्पांनी निरोप असा दिला की जणू मी दुबईलाच निघाले. आप्पांचा सगळा जन्म याच रस्त्यावर सरकारी बस चालवण्यात गेला. तरी मला बजावत होते की हत्तरगीला गाडी थांबली तर खाली उतरू नको, ड्रायव्हर लोक कुणासाठी थांबत न्हाईत. ड्रायव्हर लोकांबद्दल आप्पांइतकं वाईट मत दुसऱ्या कुणाचं नसेल.

आई उंबऱ्यापर्यंत आली नाही, पलंगावरूनच हात हलवला. तंबाखूच्या वखारीत मांडी घालून पाला निवडता निवडता तिचे दोन्ही गुडघे कामातून गेले. आता वॉकर धरून न्हाणीपर्यंत जाते आणि परत येते, तेवढंच तिचं चालणं. मी लहानपणापासून एका जागी न बसणारी. ती म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी हाय, माझ्या वाटणीचं पण तूच चालून घे.

शहापुरात खोली मिळाली आहे. घरमालकीण बाळाबाईंनी आल्या आल्या चहा दिला, मग माझी जात विचारली आणि पगार किती तेही विचारलं. खोली वरच्या मजल्यावर, खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे सांडगे दिसतात. वही घेऊन एका ठिकाणी बसणं मला जमत नाही, म्हणून ही रोजनिशी मोबाईलवरच लिहिणार. उद्यापासून नोकरी. खूष आहे मी, उगीच कशाला लपवू!

७ जानेवारी, बुधवार

ऑफिस टिळकवाडीत, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. मालक रघुवीरसर. माणूस हौशी, सतत फोनवर, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलतात आणि मधूनमधून आपण कुठल्या भाषेत आहोत तेच विसरतात. पतसंस्था, मंगल कार्यालयं, देवस्थानं, सगळ्यांची सॉफ्टवेअरं करून देतात.

मला दिलेलं काम ऐकून मी आधी हसले. उचगावच्या पलीकडे केळहोळ नावाचं गाव आहे. तिथल्या चव्हाट्यावर रोज गाऱ्हाणं घालतात. कुणाचं लेकरू आजारी, कुणाचं लग्न जमत नाही, जे असेल ते मानकरी देवापुढे मोठ्याने सांगतो आणि जमलेली माणसं “व्हय महाराजा” म्हणतात. आता गावची निम्मी माणसं पुण्याला, बंगळूरला, आखातात. ती मोबाईलवरून गाऱ्हाणं पाठवतात. प्रत्येक गाऱ्हाण्याची एक टेक्स्ट फाईल होते आणि क्लाउडवरच्या बकेटमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, पडते. मी पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहायची. तिने ‘नवीन’ या फोल्डरमधली एकेक फाईल उघडून वाचायची, यंत्राच्या आवाजात स्पीकरवर बोलायची आणि मग ती फाईल ‘झालेली’ या फोल्डरमध्ये हलवायची. एवढंच.

बाळाबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, देवाचं म्हणणं बादलीत कशाला भरताय गं पोरींनो?

९ जानेवारी, शुक्रवार

सरांच्या गाडीतून केळहोळला जाऊन आले. चव्हाट्याला देऊळ असं नाहीच. गावाच्या तोंडाशी दगडी कट्टा, त्यावर शेंदूर लावलेले पाषाण, वर चिंचेची सावली. मला जागा आवडली.

गाऱ्हाणं घालण्याचा मान गुंडू अण्णांच्या घराकडे आहे. वय झालेलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. येत्या आठवड्यात ऑपरेशन, मग बरेच दिवस धूळ-वारा चालणार नाही, म्हणून तर हे यंत्र. यंत्राबद्दल त्यांची तक्रार नव्हती. फक्त फाईल हलवण्याचं मी समजावत होते तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा नीट सांगायला लावलं. वाचून झालं की ती परत वाचली जाणार न्हाय न्हवं, हे त्यांनी दोन-तीनदा विचारलं.

म्हटलं, नाही, का? तर म्हणाले, “एक गाऱ्हाणं एकदाच घालायचं. देव बहिरा न्हाय. दुसऱ्यांदा सांगितलंस तर त्यो परत देतोय. तिसऱ्यांदा सांगितलंस तर आनखी देतोय. आपलं पोट कुठं भरलं ते देनाऱ्याला कळत न्हाय बाई.”

सर गाडीत हसत होते, म्हणाले अण्णांनी बरोबर तुझ्या स्क्रिप्टची टेस्टिंग केली. मलाही हसू आलं. पण म्हाताऱ्याचा मुद्दा प्रोग्रामरला पटण्यासारखाच आहे. एकच नोंद दोनदा झाली की घोटाळा होतो.

१३ जानेवारी, मंगळवार

दिवसभर डोकं पिकलं. फाईल उघडली की मराठीच्या जागी नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. सकाळचे तीन चहा त्यात गेले. मग लक्षात आलं, फाईल उघडताना utf-8, म्हणजे मराठी अक्षरं कशी वाचायची ते, सांगायचं राहिलं होतं. ज्यांनी हे पहिल्या वर्षाला शिकवलं त्या मास्तरांनी मला उठाबशा काढायला लावल्या असत्या.

तपासायला काहीतरी मराठी मजकूर हवा होता. test.txt नावाची फाईल केली आणि मनात होतं ते टाइप केलं: “बा देवा महाराजा, निपाणीच्या शालनचे पाय चालते होऊ देत.” शालन म्हणजे आमची आई. फाईल दर वेळी ‘झालेली’त जात होती आणि मला ती पुन्हा वर चढवावी लागत होती. कंटाळा आला. म्हणून स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली, की test नावाची फाईल हलवायची नाही, आहे तिथेच ठेवायची. मग काम झपाझप झालं. यंत्राच्या बाईने आईचं नाव स्वच्छ उच्चारलं तेव्हा ऑफिसात एकटीच टाळ्या वाजवल्या.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज उद्घाटन. नारळ, पेढे, सरांचं भाषण. चिंचेला स्पीकर बांधलाय, कट्ट्याच्या कोनाड्यात छोटा कॉम्प्युटर. गावाने त्याचं नाव ‘डबा’ ठेवलंय. रोज सकाळ-संध्याकाळ आरतीला तो आपोआप सुरू होईल.

गंमत म्हणजे सगळ्यांत पहिली माझीच टेस्टची फाईल वाचली गेली! काढून टाकायची राहिली होती. मी चपापले. पण सगळ्या गावाने हात जोडून एका सुरात “व्हय महाराजा” म्हटलं. कोण शालन, कुठली शालन, कुणी विचारलं नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आईसाठी इतकी माणसं एकदम कधी बोलली नव्हती.

१९ जानेवारी, सोमवार

आप्पांचा फोन. आवाजच वेगळा. आई सकाळी उठली आणि वॉकर न घेता परड्यातल्या तुळशीपर्यंत गेली! पाणी घालून परत आली. आप्पा म्हणाले, मी बघतच ऱ्हायलो गं, त्वांडातला ब्रश तसाच.

मग आईला फोन दिला. ती नुसती हसत होती. गुडघे अजिबात दुखत नाहीत म्हणे. डॉक्टरांच्या नव्या गोळ्यांचा गुण असणार, असं मी म्हटलं. म्हटलं खरं, पण मन चव्हाट्याकडे गेलं. मिठाई आणून बाळाबाईंना दिली.

२२ जानेवारी, गुरुवार

आई गुरुवारच्या बाजाराला चालत गेली. पिशवी भरून भाजी आणली, वाटेत तीन घरी थांबून सगळ्यांना पाय दाखवले. थांबली म्हणजे बसली नाही, उभ्या उभ्याच बोलली. बसायला नकोच वाटतं, म्हणाली. इतकी वर्षं बसून काढली, आता बसायची हौस फिटलीय.

खरंच आहे तिचं.

२६ जानेवारी, सोमवार. निपाणी

सुट्टी म्हणून घरी आले. आई बसस्टँडवर न्यायला आली होती, चालत! मला मिठी मारली, पण मिठीतही तिचे पाय जागच्या जागी हलत होते. मी चिडवलं, आता भिंगरी तुझ्या पायाला लागली.

जेवायला मात्र ती बसली नाही. ताट हातात घेऊन स्वयंपाकघर ते बाहेरचा सोपा, सोप्यातून परत स्वयंपाकघर. घास तोंडात, पाय चालू. मी हात धरून खुर्चीत बसवलं. बसली, पण पाय फरशीवर सरकत राहिले, आणि चेहऱ्यावर असं काही आलं की मीच तिला सोडलं. आप्पा ताटातून वर बघत नव्हते. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, झोपंत बी चालतंय गं, चादर रोज फाटतीया.

दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, गुडघे उत्तम आहेत, तक्रार काय? तिथेही ती फेऱ्या मारत होती.

२९ जानेवारी, गुरुवार. बेळगाव

कामात लक्ष नाही. आईला फोन केला की बोलण्याआधी पावलं ऐकू येतात. पाटल्यांचा आवाज, धाप, पावलं. नव्या चपला झिजल्या, आता अनवाणी. काल अर्जुनीच्या रस्त्याला लागली होती, आप्पांनी मोटरसायकलवरून गाठून परत आणलं. मागे बसायला तयार होईना, म्हणून ती पुढे चालत आणि आप्पा मागे गाडी ढकलत आले.

आज फोनवर रडत होती. म्हणाली, “आरू, मला थांबीव गं. माझं मलाच थांबाय येईना.”

३१ जानेवारी, शनिवार

आप्पांनी दाराला कडी घातली. आई खोलीत गोल फिरते. भिंतीकडेने फरशीवर तळव्यांचे लाल डाग पडलेत, आप्पा पुसतात, परत पडतात. व्हिडिओ कॉलवर बघितलं. कमरेच्या वर आई दमून गेलीय, मान कलंडलीय, डोळे मिटतायत. खाली पाय ताजेतवाने.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी झोपेचं इंजेक्शन दिलं. ती झोपली. झोपेत चालते आहे.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज संध्याकाळी सरांनी केळहोळला पाठवलं, येत्या शुक्रवारी जत्रा, स्पीकर वाढवायचेत. आरती सुरू झाली. डबा बोलायला लागला. पहिलंच गाऱ्हाणं –

“बा देवा महाराजा, निपाणीच्या शालनचे पाय चालते होऊ देत.”

“व्हय महाराजा!”

शेजारची बाई म्हणाली, ही शालन कोन हाय की, रोज दोन्ही टायमाला हिचंच पहिलं असतंय.

मी तिथेच कट्ट्यावर लॅपटॉप उघडला. ती ओळ तशीच होती. test नावाची फाईल हलवायची नाही. मीच लिहिलेली, माझ्या आळसापायी. उद्घाटनापासून रोज सकाळी, रोज संध्याकाळी, सगळं गाव हात जोडून माझ्या आईसाठी पाय मागतंय. आणि तो देतोय.

ओळ काढली. फाईल पुसली. घाईत पासवर्ड तीनदा चुकला. आप्पांना फोन केला, थांबली का? नाही थांबली. पावलं ऐकू येत होती.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळीच सांबऱ्याला गेले. गुंडू अण्णा ऑपरेशननंतर मुलीकडे तिथे आहेत, डोळ्यांवर हिरवी पट्टी. सगळं सांगितलं. त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत, त्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग म्हणाले, फाईल पुसून काय होनार, सांगितलेलं कानावर गेलंय. सांगितलेलं माघारी घेता येत न्हाय, दुसरं सांगावं लागतंय. मी म्हटलं, तुम्ही चला, तुम्हीच घाला गाऱ्हाणं. तर मान हलवली. ज्या त्वांडानं सांगितलं, त्याच त्वांडानं फिरवायचं असतंय. डब्यानं मागितलंय, आता डब्यालाच मागू दे. आणि एकदाच. निघताना माझं मनगट धरून परत म्हणाले, एकदाच, बाई.

संध्याकाळच्या आरतीला केळहोळ गाठलं. नवी फाईल केली. पाठवणाऱ्याचा म्हणून माझा फोन नंबर घातला, फाईलचं नाव साधं ठेवलं, स्क्रिप्ट तीनदा तपासली. “बा देवा महाराजा, निपाणीच्या शालनचं चालणं थांबू दे, तिला स्वस्थ बसता येऊ दे.” डबा बोलला. कट्ट्यावर पाच-सहा म्हातारी माणसं होती, ती “व्हय महाराजा” म्हणाली. मीही म्हणाले. फाईल ‘झालेली’मध्ये गेलेली डोळ्यांनी बघितली.

आणि तरी भरवसा वाटेना. डब्याची वायरच उपटून टाकली. पुढची गाऱ्हाणी वाचायची राहिली. राहू देत.

फोन वाजला. आप्पा रडत होते. आई बसली होती. खुर्चीत टेकली आणि लगेच झोपली.

४ फेब्रुवारी, बुधवार. निपाणी

पहिल्या बसने घरी. आई पलंगावर, तळव्यांना पट्ट्या. पाय शांत. मी त्यांच्यावर डोकं ठेवून रडले. ती म्हणाली, आता मला न्हाणीपतूर बी न्हेऊ नको, हितंच पडून ऱ्हातो.

दुपारी रघुवीरसरांचा फोन. संतापलेले. मंगळवारी संध्याकाळी ज्यांची गाऱ्हाणी राहिली त्यांच्या घरून दिवसभर फोन येतायत. कुणाच्या म्हशीला दूध येत नाही, कुणाचं तान्हं झोपत नाही, त्यांनी विश्वासाने पाठवलं होतं. देवाच्या कामात वायर उपटतेस? मी समजावायला गेले, पण काय समजावणार! माझे पासवर्ड बंद केले, म्हणाले जत्रा होईपर्यंत ऑफिसला येऊ नको, नंतर बघू.

नोकरी गेली तर गेली. आई बसली आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज आईची वेणी घातली. आप्पा बऱ्याच दिवसांनी बाजारात गेले आणि माझ्यासाठी पेरू घेऊन आले. आई खिडकीशी बसून रस्त्यावरच्या माणसांना नावं ठेवत होती. कोण कसं चालतं यावर तिचं बोलणं ऐकून मी आणि आप्पा पोट धरून हसलो.

असं घर मला परत मिळालं. मला आणखी काही नको.

६ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळ

आई चहा पीत होती. कप तोंडाकडे नेताना हात मध्येच राहिला. खाली येईना, वर जाईना. तीच म्हणाली, अगं हात थांबला बघ माझा. हसायला लागली. आम्ही कप काढून घेतला.

थोड्या वेळाने दुसरा हात.

मला कळलं. आप्पांना कळलं नव्हतं, मला कळलं. सरांना फोन लावते, लागत नाही. परत लावते.

लागला. मागे ढोल, ताशे. सर खुषीत होते, सगळा राग गेलेला. ओरडून सांगत होते की जत्रेसाठी खास केलंय. मंगळवारच्या संध्याकाळच्या वाचलेल्या फायली ‘झालेली’मधून काढून परत ‘नवीन’मध्ये टाकल्या, राहिलेल्या तिथे होत्याच, सगळ्याच घेतल्या, कुणाची तक्रार नको. आणि त्याच फिरून फिरून दिवसभर वाचायला लावल्यात, म्हणजे जो ज्या वेळी येईल त्याला आपलं नाव ऐकायला मिळेल. हजारो माणसं आलीत, ये बघायला.

बंद करा म्हटलं. पाया पडते म्हटलं, माझी आई – ते म्हणाले, देवाच्या दारात असं अभद्र बोलू नये, मागाहून बोलू. ठेवला.

बस

आप्पांनी ओळखीच्या ड्रायव्हरला हात करून हायवेवर गाडी थांबवली. आईजवळ ते थांबलेत. डॉक्टर येतायत. मी जाऊन वायर काढणार, बाकी काही नाही, वायर काढायची. लिहिते आहे कारण नाही लिहिलं तर बसमध्ये ओरडेन.

संकेश्वर. आप्पांचा फोन, आईची मान वळत नाही. बोलते आहे. आरूला सांगा म्हणाली, जेवून जा.

हत्तरगी

बस थांबली. का थांबली? चहाला. मी ड्रायव्हरवर किंचाळले. लोक बघतात. चालली.

आई बोलायची थांबली. आप्पा म्हणतात डोळे हलतायत, सगळं कळतंय तिला –

डॉक्टर आले. नाडी सावकाश आहे म्हणाले. सावकाश. किती सावकाश ते सांगेनात.

अण्णांच्या मुलीला फोन केला. अण्णा रिक्षाने केळहोळला निघालेत, पट्टीसकट. पोचतील का? मी पोचेन का?

उचगाव फाटा

गाड्यांची रांग. बेळगावात बसमधून उतरून रिक्षा केली होती, तीही सोडली. पळते आहे. पळता पळता लिहिता येत नाही, थांबले की लिहिते, म्हणजे थांबायला नको –

रस्त्याकडेला एक म्हैस उभी. सडांतून दूध वाहतंय, आपोआप, रस्त्यावर, कुणी धार काढत नाही. मालक घमेलं लावून रडतोय.

एका बाईच्या खांद्यावर तान्हं. सगळे म्हणतायत किती गाढ झोपलंय. ती त्याच्या गालावर चापट मारते आहे. परत मारते आहे.

स्पीकर इथूनच ऐकू येतोय. माझं लिहिलेलं सगळं किती स्वच्छ ऐकू येतंय.

चव्हाटा

गर्दी. पुढे सरकता येत नाही. डबा दिसतो, कोनाड्यात, त्याच्यावर हार. सर कट्ट्यावर, मला बघून हात हलवतायत. बंद करा बंद करा बंद – माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. ढोल.

आप्पा: डोळे थांबले. श्वास हाय. आप्पा मोजतायत श्वास. मला ऐकवतायत. एक –

बऱ्याच वेळाने दोन – फोन कटला.

म्हशीचं वाचतोय. सगळे म्हणाले. तान्ह्याचं. सगळे म्हणाले. यानंतर फेरी परत पहिल्यापासून, म्हणजे आमचं. क्रम मला माहीत आहे, क्रम मीच लावला. जाऊ द्या मला, अहो मामा सरका, आक्का पाया पडते वाट द्या –

ओठ दाताखाली धरलेत. तोंडावर हात दाबलाय. मी नाही म्हणणार. निदान मी नाही –

“बा देवा महाराजा, निपाणीच्या शालनचं –”

सगळे म्हणाले.

मीही म्हणाले. बोटांच्या फटीतून, मोठ्याने, सगळ्यांच्या सुरात –

फोन. आप्पांचा. वाजतोय. उचलत नाही मी, नको, आप्पा थांबा, थां